दुखणं हल्याला, इंजेक्शन पखालीला

मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. आकडा तासाभरात देशभर पोहोचला, वाहिन्यांवर लाल पट्ट्या धावल्या. मग हवामान खात्याने खुलासा केला की केंद्राचा सेन्सर बिघडला होता. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. ऊन भाजून काढत होते यात शंका नाही. पण ५६ हा आकडा उन्हाचा नव्हता, यंत्राचा होता.

बिघाड दिसतो एकीकडे आणि असतो भलतीकडे. नागपुरात महाल, सक्करदरा, मानेवाडा, जरीपटका, खामला अशा वस्त्यांतल्या एडिटिंगच्या खोल्यांत हाच धडा रोज गिरवला जातो. या खोल्यांना शहरात अजूनही ‘मिक्सिंग’च म्हणतात. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हीसीआर आले, लग्नात खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा आला. दोन व्हीसीआर आणि मध्ये एक मिक्सर, त्यावर बदामाच्या आकारात उमलणारे नवरा-नवरी, ही तेव्हाची मिक्सिंग. पुढे संगणक आले आणि लग्नाच्या धंद्यात एडियस हे सॉफ्टवेअर घट्ट बसले. त्याला कारण होते. चार प्रकारच्या कॅमेऱ्यांचे चार प्रकारचे चित्रीकरण ते एकाच टाइमलाइनवर मुकाट चालवून दाखवायचे. आज प्रीमियर आहे, दा विंची रिझॉल्व्ह आहे. कामही नुसते लग्नाचे उरलेले नाही. भीमगीतांचे अल्बम, झाडीपट्टीची नाटके, शिकवणी वर्गांचे धडे, मारबतीची मिरवणूक, निवडणुकीतल्या उमेदवारांच्या रील्स, केबलवरच्या बातम्या, सगळे याच टेबलांवरून जाते.

या टेबलांवर बसणाऱ्यांना लोक ‘कॉम्प्युटरवाला पोरगा’ म्हणतात. मला हे अन्यायाचे वाटते. त्यांच्या कामाचा मोठा भाग रोगनिदानाचा असतो. आपल्याकडे म्हण आहे, दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. हल्या म्हणजे रेडा, पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. चांगला एडिटर तो, जो पखालीला सुई टोचण्याआधी हल्या तपासतो.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आवाजाची. “भाऊ, आवाज मागं राहून राहिला ना!” ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. नवखा एडिटर आवाजाची पट्टी चिमटीत धरून चार फ्रेम पुढे सरकवतो. सुरुवात जुळते. दहा मिनिटांनी पुन्हा घोळ. पुन्हा कापतो, पुन्हा सरकवतो आणि रात्र जाते. जुना माणूस आधी काहीच सरकवत नाही. तो सुरुवातीचे एक वाक्य बघतो, मग थेट शेवटाला जाऊन तिथले एक वाक्य बघतो. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर दुखणे साधे, सगळी पट्टी एकदा सरकवली की काम झाले. शेवटाकडे फरक वाढत गेला असेल तर दोन यंत्रांचा काळच वेगळ्या गतीने धावतो आहे, आणि तिथे सरकवून काही होत नाही.

गती वेगळी का धावते, याची कारणे मोजकी आहेत. मोबाइल हे पहिले. मोबाइल ठरलेल्या गतीने फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की सेकंदाला तीसऐवजी अठ्ठावीस, सव्वीस घेतो. आवाज मात्र नेमाने नोंदवत राहतो. जे सॉफ्टवेअर सेकंदाला तीसच फ्रेम आहेत असे गृहीत धरते, त्यात दोघांची फारकत होते. अशी फाइल आधी हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून स्थिर फ्रेम-रेटमध्ये बदलून घ्यायची आणि मगच टाइमलाइनवर आणायची. दुसरे कारण नमुन्यांच्या दराचे. व्हिडिओचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा, गाण्याच्या सीडीचा ४४,१०० चा. ४८,००० ची फाइल ४४,१०० समजून वाजवली तर तासाभराचा आवाज ६५ मिनिटांवर जातो आणि गायिकेचा गळा जड होतो. हे कानाला लगेच कळते, म्हणून ते कमी छळते.

तिसरे कारण झाडीपट्टीत भेटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात भाऊबीजेनंतर मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींबरोबर नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडसा हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटक रात्री चढते आणि उजाडताना उतरते. ते चित्रित करणे ही छायाचित्रकाराची कसोटीच. कॅमेरा मागे, आवाजाचा रेकॉर्डर ध्वनियंत्रणेपाशी, दोन्ही सहा-सहा तास चालू. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झचे स्वतःचे घड्याळ असते. दहा लाखांत वीस इतकी चूक अशा स्वस्त घड्याळांत सहज असते. ऐकायला ती नगण्य. पण सहा तासांत तिचे ४३२ मिलीसेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ ११ फ्रेम. पहिल्या अंकात जुळलेला नायक पहाटेच्या अंकात दुसऱ्याच्या आवाजात बोलू लागतो. औषध सोपे आहे. दर प्रवेशाला पडदा पडतो तिथे पट्टी कापायची आणि नव्याने जुळवायची. प्रवेशाच्या आरंभी तबल्याची थाप असते. दोन्ही ध्वनिलहरींतला तो उंच सुळका एकाखाली एक आणला की पुढचा प्रवेश बसतो.

जुळवायचे किती काटेकोर, याचेही आंतरराष्ट्रीय माप आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलीसेकंद पुढे गेला तरी माणसाला खटकते, मागे मात्र १२५ मिलीसेकंदांपर्यंत राहिला तरी कळत नाही. हा भेद निसर्गाचाच आहे. लांबच्या माणसाचा आवाज आपल्याला नेहमी उशिरानेच ऐकू येतो, आधी कधीच नाही. आवाज एका फ्रेमच्या वेळेत सुमारे चौदा मीटर जातो. रंगमंचापासून चाळीस मीटरवर उभ्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये शब्द जवळजवळ तीन फ्रेम उशिराच पोहोचतो. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज एखादी फ्रेम मागे ठेवावा, पुढे कधीच नाही.

नाटकवाल्यांची आणखी एक तक्रार असते. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात चित्र तुटते. त्याचे मूळ युरोपात आहे. युरोपीय संघाच्या जकातीत अर्धा तास किंवा जास्त सलग चित्रण करणारा कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचा आणि त्यावर जादा कर लागायचा. तो चुकवायला कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यांना २९ मिनिटे ५९ सेकंदांचा लगाम घातला आणि तेच कॅमेरे वडशाला आले. नव्या कॅमेऱ्यांतून हा लगाम निघाला आहे, पण जुने अजून हजारो हातांत आहेत. यावर तोड अशी की दोन कॅमेरे लावायचे आणि दुसरा पंधरा मिनिटे उशिरा सुरू करायचा. एक थांबतो तेव्हा दुसरा मध्यावर असतो.

आता पखालीला सर्वांत महागडे इंजेक्शन कुठे टोचले जाते ते बघू. नवा कॅमेरा आला, त्याचे चित्रण टाइमलाइनवर टाकले आणि संगणक अडखळू लागला. निदान ठरलेले: “मशीन कमजोर आहे.” मग रॅम वाढते, मग लग्नसराईची कमाई ग्राफिक्स कार्डात जाते. तरी क्लिप अडखळतेच. कारण दुखणे फाइलच्या बांधणीत आहे. एच.२६५ हा २०१३ मध्ये प्रमाणित झालेला संकोचनाचा प्रकार. तो प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले याची नोंद. कार्डावर जागा वाचते. पण एडिटर मधल्याच एका फ्रेमवर बोट ठेवतो तेव्हा संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब मांडत यावे लागते. त्यातच चित्रण दहा बिट आणि ४:२:२ रंगनोंदीचे असेल तर एनव्हिडियाच्या भल्या भल्या कार्डांत ते उलगडणारे सर्किटच नव्हते. ते २०२५ च्या ५० मालिकेत आले. गंमत अशी की इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या साध्या अंगभूत ग्राफिक्सला ते आधीपासून जमत होते. कित्येकांनी वेगळे कार्ड बसवताना हे अंगभूत ग्राफिक्स बायोसमध्ये बंद केलेले असते! ते चालू करायला पैसा लागत नाही. तेही नसेल तर प्रॉक्सी करायची. मूळ चित्रणाची हलकी प्रत करायची, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआरच्या खालच्या दर्जाची, कापाकापी तिच्यावर करायची, आणि शेवटी एक्सपोर्ट मूळ फाइलवरून घ्यायचे. जुन्या संगणकावरही टाइमलाइन सुरळीत चालते. प्रॉक्सीला रात्रभर वेळ लागतो म्हणून पोरे ती टाळतात, आणि मग आठवडाभर अडखळत काम करतात.

उजेडाच्या दुखण्याचे मूळ तर शहराच्या वेशीवरच आहे. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतली वीज ५० हर्ट्झने येते, म्हणजे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर १/५० वर असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे पूर्ण दोन ठोके येतात, १/१०० वर एक. सगळ्या फ्रेम सारख्या उजळतात. १/६० वर ठोका अर्धवट तुटतो आणि सभागृहाच्या भिंतीवर काळे पट्टे सरकू लागतात. मोबाइल आणि बाहेरून आणलेले कॅमेरे बहुधा अमेरिकेच्या ६० हर्ट्झच्या हिशेबाने सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेले असतात. मग एका लग्नात दोन कॅमेरे २५ वर आणि आतेभावाचा आयफोन ३० वर. २५ च्या टाइमलाइनवर ३० चे चित्रण टाकले की दर सहावी फ्रेम गाळली जाते, आणि वरातीत नाचणारा दर क्षणाला हलका झटका खातो. हा झटका एडिटिंगमध्ये पुसायला बसणे म्हणजे पुन्हा पखाल. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याखाली पाल फॉरमॅट दाखवण्याचे बटण आहे. ते चालू केले की २५ चा पर्याय मिळतो. वरात निघायच्या आधी हे करायला अर्धे मिनिट पुरते.

उन्हाळ्यातले एक दुखणे मात्र अस्सल नागपुरी. मे महिन्यातले लग्न लॉनवर असो की सभागृहात, कूलरशिवाय होत नाही. भटजींची मंगलाष्टके असोत की भन्तेजींचे त्रिसरण-पंचशील, मागे कूलरचा घोंगावा असतोच. एडिटरकडे आवाज साफ करणारी साधने आहेत, पण जास्त दाबली की माणसाचा गळाच पोकळ होतो. कॉलर माइक बोलणाऱ्याच्या छातीवर लागला असता तर निम्मे काम तिथेच झाले असते. वरातीतल्या संदलच्या ढोलांचेही तसेच. आवाजाची पातळी नोंदवतानाच वर आदळून सपाट झाली, तर हरवलेली शिखरे कोणतेही सॉफ्टवेअर जशीच्या तशी परत आणत नाही. सर्वांत मोठा ठोका शून्याच्या बराच खाली, उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी आधी लावावी. आणि दुपारी एक्सपोर्ट रेंगाळते ते सॉफ्टवेअरमुळे नव्हे. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. पंख्यातली धूळ काढा, एक्सपोर्ट रात्री लावा, आणि कूलरचा ओला झोत मशीनवर सोडू नका.

अक्षरांविषयी मला अधिक पोटतिडकीने सांगायचे आहे, कारण हे दुखणे आपल्या भाषेचे आहे. लग्नाच्या व्हिडिओत दोन घराण्यांची नावे येतात, आणि ती चुकली की घरचे लोक आयुष्यभर चुकलेलीच बघतात. पत्रिका छापणारा मजकूर पाठवतो श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये. या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर फक्त दिसायला मराठी. आत साठलेले असते रोमन अक्षरांचे संकेत. तो फॉन्ट एडिटरकडे नसेल तर पडद्यावर निव्वळ कचरा उमटतो. इथे फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणणे हाच मार्ग. पण युनिकोडमध्येही ‘शुभविवाह’ची वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, ‘लक्ष्मी’ फुटून पाय मोडलेले क आणि ष सुटे उभे राहतात. मग पोरगा फॉन्ट बदलत सुटतो, एकामागून एक डाउनलोड करतो. फॉन्ट बिचारा निर्दोष असतो. देवनागरीत अक्षरे नुसती ओळीने ठेवून चालत नाही, ती जोडावी लागतात. आणि ते काम सॉफ्टवेअरमधल्या मजकूर-इंजिनाचे. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स या सदरात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे इंजिन निवडून नवा मजकूर टाकला की तीच वेलांटी गुपचूप जागेवर येते. ज्या जुन्या सॉफ्टवेअरला जोडणेच येत नाही, तिथे नावे फोटोशॉपमध्ये घडवून पारदर्शक पीएनजी म्हणून आणावीत.

एवढे झाले तरी मराठीचा एक खास काटा उरतो. ‘नवऱ्या मुलाचे आगमन’ आणि ‘सक्करदऱ्याच्या सभागृहात’ यांतला ‘ऱ्या’. हिंदीला हा लागत नाही, म्हणून केवळ हिंदीचा विचार करून केलेल्या फॉन्टांत तो रफार होऊन बसतो किंवा फुटतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र स्थान आहे, त्यापुढे हलन्त आणि ‘य’ लिहिले आणि फॉन्ट मराठी जाणणारा असला की अक्षर नेमके उमटते. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात आणि हे अक्षर नीट दाखवतात. हे सगळे कुठल्याही मेनूत मराठीत लिहिलेले नाही. चुकांचे संदेश इंग्रजीत येतात, शिकवणारे बहुतेक व्हिडिओ हिंदीत असतात, आणि आपल्या लिपीची दुखणी कुणाच्याच यादीत वर नसतात. नागपूरची पोरे ती एकमेकांच्या खुर्चीमागे उभी राहून शिकतात. हे ज्ञान मराठीत लिहून ठेवले पाहिजे, असे मला फार वाटते.

ज्या दुखण्यात खरोखर पोटात गोळा येतो ते कार्डाचे. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ नागपुरात चित्रित झाला, मार्च २०२२ मध्ये आला. तेवढ्या मोठ्या चित्रपटात कार्डातले चित्रण उतरवून, तपासून, दुसरी प्रत करण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. लग्नाच्या युनिटमध्ये तेच काम लाइट धरणारा मुलगा रात्री दोन वाजता, जेवणाच्या पंगतीतून उठून करतो. चुका तिथेच होतात. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांची रचना एका फाइलला ४ जीबीपुढे जाऊ देत नाही, म्हणून कॅमेरा लांब चित्रणाचे तुकडे करतो आणि ते कसे जोडायचे याची नोंद बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवतो. घाईत फक्त मोठ्या फाइली उचलल्या की सांध्यावर आवाज तुटतो. म्हणून कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवायचे.

आणि बॅटरी अचानक संपली तर? फाइल दिसते, तिचा आकार चार जीबी दिसतो, पण ती उघडत नाही. लोक म्हणतात, गेली. बहुतेक वेळा ती गेलेली नसते. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि कॅमेरा ती सर्वांत शेवटी, स्टॉप दाबल्यावर लिहितो. वीज गेली, अनुक्रमणिका लिहायची राहिली. चित्र आणि आवाज मात्र आत शाबूत. अनट्रंक नावाचे मोफत साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक चांगली फाइल नमुना म्हणून मागते. तिच्यावरून बांधणी समजून घेते आणि फुटलेल्या फाइलसाठी नवी अनुक्रमणिका रचते. पडद्यावर आकडे धावतात, नवी फाइल तयार होते, आणि सप्तपदी चालू लागते. चुकून पुसलेल्या कार्डासाठी फोटोरेक आहे, पण त्याची अट कडक आहे. त्या कार्डावर नंतर एक फोटोसुद्धा काढलेला नसावा. कार्ड ताबडतोब कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवणे हा अर्धा उपचार झाला.

याच खोल्यांच्या एका कोपऱ्यात हल्ली जुन्या कॅसेटी येऊन पडतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतली लग्ने, वास्तुपूजने, दीक्षाभूमीवरची भाषणे. व्हीसीआर बनवणारी अखेरची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आता जगात आहेत तेवढेच व्हीसीआर, आणि तेही झिजत चाललेले. पावसाळे खाल्लेल्या फितीवर पांढरी बुरशी चढते. ती तशीच चालवली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर. मिनी डीव्ही कॅसेट असेल तर फायरवायरने उतरवली पाहिजे. तासाभराची फाइल साधारण १३ जीबी होते आणि तीच खरी मूळ प्रत. जुने चित्रण सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे असते. घाईने केलेल्या एमपी४ मध्ये ती चुकीची जुळवली जातात आणि हलत्या कडांवर आडव्या रेषा दिसतात. लोक समजतात कॅसेट खराब झाली, आणि कॅसेट टाकून देतात. कॅसेट ठीक असते.

यंदाच्या साफसफाईत माळ्यावरून अशी कॅसेट निघाली तर ती व्हीसीआरमध्ये घालून बघू नका. खिडकीतून आतल्या फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते का ते पाहा. दिसली तर फीत आधी साफ करून देणाऱ्याकडेच द्या. उतरवून घेताना छोट्या एमपी४ बरोबर मूळ मोठी फाइलही मागा आणि ती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. कॅसेट फेकू नका. आणि तुळशीच्या लग्नानंतर तुमच्या घरी कार्य असेल तर शूटिंगवाल्या भाऊंशी दर ठरवताना एक गोष्ट आवर्जून ठरवा: सगळे चित्रण तुमच्या हातात येऊन तुम्ही उघडून पाहीपर्यंत कार्ड पुसायचे नाही. त्यासाठी दोन कार्डांचे पैसे जास्त मागितले तर द्या.